सोई म्हणजे गल्ली!

दोस्तांनो, तुमच्या आळीत, चाळीत किंवा सोसायटीच्या फाटकापाशी एखादा मोत्या नाहीतर काळू नक्की असणार. त्याचा मालक कोण, असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. सकाळी तो चहाच्या टपरीपाशी घुटमळतो, दुपारी उभ्या गाडीखाली ताणून देतो आणि रात्री कुणी अनोळखी माणूस आला की सगळी गल्ली डोक्यावर घेतो. त्याला घर नाही म्हणावं, तर सगळी गल्लीच त्याची!

असे मोती आणि काळू हजारोंनी असलेल्या एका बेटाची ही गोष्ट आहे. बेटाचं नाव फुकेत. नकाशा उघडा, आपल्या अंदमानवर बोट ठेवा आणि समुद्र ओलांडून आग्नेयेकडे सरका. थायलंडच्या किनाऱ्याला अगदी चिकटून ते दिसेल. हे थायलंडचं सगळ्यात मोठं बेट, साधारण ५४० चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्या मुंबईहून थोडंसंच लहान. नारळाची झाडं, रबराचे मळे, पांढरी वाळू, निळंशार पाणी आणि जगभरातून येणारे पर्यटक!

थाई भाषेत गल्लीला म्हणतात ‘सोई’ आणि कुत्र्याला म्हणतात ‘मा’. पण हा ‘मा’ जरा जपून उच्चारा हं! थाई भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. सपाट सुरात ‘मा’ म्हटलं तर ‘ये’, सूर खालून वर नेला तर ‘कुत्रा’ आणि उंच सुरात म्हटलं तर चक्क ‘घोडा’! पुस्तकी थाई भाषेत मात्र कुत्र्याला ‘सुनक’ म्हणतात. ओळखीचा वाटतो ना हा शब्द? कुत्र्यासाठी संस्कृतात ‘शुनक’ आहे आणि पालीत ‘सुनख’. बौद्ध धर्माबरोबर पाली भाषा तिकडे पोचली आणि तिच्याबरोबर हा शब्दही थाई घरांत जाऊन बसला.

इतकी कुत्री आली कुठून?

थायलंडमध्ये बौद्ध धर्म मानणारे लोक खूप. जीव घेणं वाईट, असं मानणारे. त्यामुळे घरात नको झालेली पिल्लं मारून टाकायला कुणी धजत नाही. मग काय करतात? गुपचूप देवळाच्या आवारात नेऊन सोडतात. तिथले भिक्षू आपल्या जेवणातला घास त्यांनाही देणार, ही खात्री असते. पण एका देवळात किती कुत्री मावणार?

त्यातून फुकेत हे पर्यटकांचं बेट. हॉटेलं, खानावळी, समुद्रकाठच्या गाड्या... खरकट्याला तोटा नाही. सुट्टीवर आलेली मंडळी लाडाने खाऊ घालतात. पावसाळा आला की गर्दी ओसरते, पण कुत्री तिथेच राहतात. ती वाढत जातात, आपापसांत भांडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. खरजेने कित्येकांच्या अंगावरचे केस झडून जातात. कातडीत शिरलेल्या बारीक किड्यांमुळे ही खरूज होते. औषधांनी ती हमखास बरी होऊ शकते, पण गल्लीतल्या कुत्र्याला औषध देणार कोण?

आता पाटी-पेन्सिल घ्या, एक गणित करू. कुत्रीला पिल्लं व्हायला सुमारे ६३ दिवस लागतात आणि वर्षातून दोनदा तिला पिल्लं होऊ शकतात. एका वेळी सहा पिल्लं धरू, त्यातल्या तीन माद्या. सगळी जगली असंही धरू. पहिल्या वर्षी एका कुत्रीची १२ पिल्लं झाली. त्यातल्या सहा माद्या आणि ही आई मिळून झाल्या सात. दुसऱ्या वर्षी त्यांची ८४ पिल्लं. त्यात ४२ माद्या, आधीच्या सात धरून ४९. तिसऱ्या वर्षी पिल्लं किती? ५८८! खऱ्या जगात एवढी वाढत नाहीत, हे नशीब म्हणायचं की काय, कळत नाही. कारण यांतली बरीचशी पिल्लं भुकेने, रोगाने नाहीतर चाकाखाली मरतात.

तिघांनी केलेली सुरुवात

२००३ साली जॉन आणि जिल डॅली हे इंग्लंडमधलं जोडपं नोकरीतून निवृत्त होऊन फुकेतला राहायला आलं. बेट त्यांना आधीपासून आवडायचं. उरलेलं आयुष्य आरामात घालवायचा बेत होता. पण रस्त्यावरची कुत्री पाहून आराम कुठला सुचायला! मार्गो होंबर्ग या डच बाईंनी अशाच कुत्र्यांसाठी आधी बँकॉकमध्ये काम केलं होतं. त्याही फुकेतला आल्या होत्या. तिघांची गाठ पडली आणि ‘सोई डॉग फाउंडेशन’ उभं राहिलं. नावाचा अर्थ तर तुम्ही आता सांगालच.

काम साधं, पण चिकाटीचं. कुत्री पकडायची, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं, रेबीजची लस टोचायची आणि जिथून आणली तिथेच नेऊन सोडायची.

काही कुत्री फार हुशार. जाळं दिसलं की पसार! अशांना लांबून गुंगीच्या औषधाची छोटी सुई मारावी लागते. २००४ मध्ये एकदा जिल अशाच एका कुत्र्याच्या मागावर होत्या. सुई लागली खरी, पण कुत्रा पळाला तो थेट पाण्याने भरलेल्या शेतात. औषधाचा अंमल चढला तर तो तिथेच बुडणार, हे उघड होतं. जिल त्या चिखलपाण्यात उतरल्या आणि कुत्र्याला बाहेर घेऊन आल्या.

कुत्रा वाचला. पण त्या पाण्यातले जंतू जिल यांच्या शरीरात शिरले आणि विष रक्तात पसरलं. त्या अक्षरशः मरणाच्या दारात होत्या. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले.

या दुखण्यातून त्या पुरत्या उठल्याही नव्हत्या, तोवर २६ डिसेंबर २००४ उजाडला. त्या दिवशीची त्सुनामी तुम्ही मोठ्यांकडून ऐकली असेल. आपल्या तमिळनाडूला आणि अंदमान-निकोबारला जिने झोडपलं, तीच लाट फुकेतवरही आली. एकट्या थायलंडमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं गेली. डॅली दांपत्याबरोबर कुत्र्यांसाठी झटणारी एक जवळची मैत्रीणही त्यात गेली. जिल चाकाच्या खुर्चीवर बसून इस्पितळात जायच्या आणि त्सुनामीतून वाचलेल्या लोकांना धीर द्यायच्या. ज्यांचे हातपाय गेले होते त्यांच्याशी बोलायला जिलपेक्षा योग्य माणूस कोण असणार?

पुढे त्या कृत्रिम पायांवर चालायला शिकल्या आणि पुन्हा कुत्र्यांच्या मागे धावायला लागल्या. त्सुनामीनंतर फुकेतच्या प्राण्यांसाठी जगभरातून मदत आली आणि तिघांनी सुरू केलेलं काम मोठं होत गेलं. बेटाच्या उत्तरेला माई खाओ इथे निवारा झाला, कुत्र्यांसाठी मोठं रुग्णालय झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्करोगाने जिल गेल्या. काम मात्र थांबलं नाही. फुकेतबाहेर, बँकॉकच्या गल्ल्यांतही फिरते दवाखाने जाऊन पोचले. आजवर तिथे लाखो कुत्र्यामांजरांची ऑपरेशनं झाली आहेत.

परत का सोडायची?

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. एवढी पकडली, तर ती परत गल्लीत कशाला सोडायची? सगळ्यांना निवाऱ्यात ठेवा की!

कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. ही गल्ली आमची, पलीकडची तुमची. समजा, एका गल्लीतली सगळी कुत्री उचलून नेली. खरकटं तिथेच, कचराकुंडी तिथेच. थोड्याच दिवसांत पलीकडची कुत्री या मोकळ्या गल्लीत येतात. त्यांना लस टोचलेली नसते, ऑपरेशन झालेलं नसतं. पुन्हा पिल्लं, पुन्हा तेच! उलट, ऑपरेशन आणि लस झालेली कुत्री आपल्या गल्लीत परत गेली, तर ती जागा अडवून बसतात, बाहेरच्यांना सहसा शिरू देत नाहीत आणि त्यांची संख्याही वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एखाद्या भागातल्या शंभरातल्या किमान सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते.

मग निवारा कुणासाठी? जे रस्त्यावर जगूच शकणार नाहीत त्यांच्यासाठी. गाडीने पाय गेलेले, आंधळे, आजारी, आईवेगळी पिल्लं. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्यांना तिथे दोन चाकांची गाडी बांधतात. मग बघा, ती पुढच्या पायांनी गाडी ओढत कशी भन्नाट पळतात!

विमानातून निघाली स्वारी

निवाऱ्यातल्या काही कुत्र्यांना कायमचं घर मिळतं. कधी थायलंडमध्ये, कधी थेट युरोपात नाहीतर अमेरिकेत. पण कुत्र्याचा परदेशप्रवास माणसाहून अवघड असतो बरं का!

आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवतात. तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. यंत्र वरून फिरवलं की तो दिसतो. म्हणजे त्याचं ओळखपत्रच! मग रेबीजची लस. युरोपात जायचं असेल, तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासतात. लस नीट लागू पडली आहे ना, हे त्यात कळतं. त्यानंतर आणखी तीन महिने थांबायचं. शिवाय पिंजऱ्यात शांत बसायची सवय करायची. पिंजरा असा हवा, की कुत्र्याला त्यात उभं राहता आणि वळता आलं पाहिजे.

बरोबर कोण जातं? बऱ्याचदा फुकेतची सहल संपवून घरी परतणारा एखादा पर्यटक! त्याच्या तिकिटावर कुत्र्याची नोंद होते आणि पलीकडच्या विमानतळावर नवं कुटुंब वाट पाहत उभं असतं. गल्लीत वाढलेल्या कुत्र्याला घर म्हणजे काय, हे शिकावं लागतं. जिना, टीव्ही, पट्टा सगळंच नवं. आणि बर्फ तर विचारूच नका!

हे वाचून वाटेल, की सगळ्यांनाच असं पाठवून द्यावं. पण जुलै २०२१ मध्ये अमेरिकेने रेबीजचा धोका असलेल्या शंभराहून जास्त देशांतून कुत्री आणायला बंदी घातली. त्यात थायलंडही होतं. २०२४ मध्ये बंदीच्या जागी नवे कडक नियम आले. असा एखादा नियम बदलला की पिंजऱ्यात बसायला शिकलेली कुत्री तिथेच अडकतात. आणि वरचं गणित आठवा. विमानाने जाणारी किती आणि दर वर्षी जन्मणारी किती! एका कुत्र्याला घर मिळालं तर त्या एकाचं आयुष्य बदलतं, आणि ते मोलाचंच आहे. पण सगळ्या बेटाचं चित्र बदलतं ते ऑपरेशनने आणि लशीने. दोन्ही कामं एकाच वेळी करत राहावी लागतात.

इकडे आपल्याकडे

लशीने काय होतं, हे पाहायला थायलंडपर्यंत जायला नको. गोव्यात ‘मिशन रेबीज’ची पथकं सरकारच्या साथीने गावोगाव फिरली. हातात जाळी, पेटीत लस. शाळांत जाऊन मुलांनाही माहिती दिली. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झालं.

कुत्री चावतात, लहान मुलांना जास्त चावतात, हेही खरं आहे. गल्लीतल्या कुत्र्यांचं काय करायचं, हा वाद २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयातही गाजला. मोठी माणसंही यावर भांडतात. म्हणून कुत्र्यावर माया करताना सावधपणाही हवा.

एवढं कराच!

१. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्रीच्या जवळ जाऊ नका. पिल्लू कितीही गोड दिसलं तरी!

२. कुत्रा अंगावर आला तर पळू नका. झाडासारखे स्तब्ध उभे राहा, त्याच्या डोळ्यांत बघू नका, हात अंगाशी ठेवा.

३. कुत्र्याने चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. घरच्यांना लगेच सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका! रेबीज एकदा झाला की त्यावर जवळजवळ इलाजच नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. आजी-आजोबांनी सांगितलेली पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत. आता ती दंडात किंवा मोठ्यांच्या सल्ल्याने डॉक्टर ठरवतील तिथे देतात, पोटात नाही.

४. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान दुरून निरखा. कानाच्या टोकाला छोटी कापलेली खूण दिसली, तर त्याचं ऑपरेशन झालेलं आहे. किती कानांवर खूण आहे आणि किती कानांवर नाही, ते वहीत टिपा. बिनखुणेची जास्त निघाली, तर ती वही आई-बाबांना दाखवा आणि त्यांच्या मदतीने महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पत्र लिहा.

५. घरी कुत्रं आणायचं ठरत असेल, तर दुकानात जाण्याआधी जवळच्या निवाऱ्यात एक चक्कर मारा. आणि आणलंत, तर त्याची लस आणि ऑपरेशन वेळेवर करा. फुकेतच्या देवळांत सोडलेली कितीतरी कुत्री आधी कुणाच्या तरी घरचीच होती.