गाडीत गाद्या किती, माणसे किती?

दसरा पंधरा दिवसांवर आला की वस्तीतल्या समाजमंदिरात नागपूरला जाण्याच्या याद्या सुरू होतात. कोणाची स्वतःची गाडी आहे, कोण भाड्याने करणार, टोल आणि डिझेल कसे वाटून घ्यायचे, हे सारे वहीत लिहिले जाते. अंथरूण-पांघरूण मात्र त्या वहीत कधीच नसते. निघायच्या रात्री गाद्या, उशा, रजया खाली येतात. आधी डिकी भरते, मग मागची सीट भरते आणि शेवटी एखादे माणूसच कमी करावे लागते. ते माणूस बहुधा घरातली म्हातारी असते.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका सात आसनी गाडीपाशी हेच चालले होते. आजी म्हणाल्या, "मला नका नेऊ बाबा. मी घर राखते, तुम्ही जाऊन या." सून कळवळून म्हणाली, "असं काय करता आत्याबाई! तुमच्यासाठीच तर गादी घेतलीय." म्हणजे गादी नागपूरला निघाली होती आणि जिच्यासाठी घेतली ती घरी राहत होती! आम्ही दोन गाद्या परत वर पाठवल्या आणि आजींना बसवले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा लोक रेल्वेने, बैलगाडीने, पायी, शिदोरी बांधून नागपुरात आले होते. त्या वेळी आईच्या कडेवर असलेली मुले आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. दीक्षाभूमीवर त्यांना न्यायचे तर आपल्या हातात किती दसरे उरले आहेत, याचा प्रत्येक घराने विचार करावा.

आता हिशेब. तीन फूट रुंद, सहा फूट लांब आणि चार इंच जाड कापसाची गादी सहा घनफूट जागा खाते. सातही जण बसल्यावर अशा गाड्यांच्या मागे साधारण दोनशे लिटर, म्हणजे जेमतेम सात घनफूट जागा उरते. एका गादीत डिकी संपली. गाडी सी. एन. जी. असेल आणि टाकी डिकीत असेल तर तीही जागा गेली. कापसाची गादी कितीही घट्ट गुंडाळा, ती फारशी दबत नाही. तेव्हा गादी घरी ठेवणे हाच पहिला नियम.

मग झोपायचे कशावर? खाली प्लास्टिकची चटई, तिच्यावर सतरंजी आणि अंगावर चादर. ऑक्टोबरच्या नागपुरात एवढे पुरते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी जुन्या लुगड्यांची एक जाड वाकळ घ्यावी. गुडघे धरलेल्या माणसाला ती चौघडी करून दिली तर जमिनीवरून उठताना आधार होतो. उपोसथाला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका उंच व ऐषारामी शय्या वर्ज्य करतातच. तेव्हा दोन रात्री सतरंजीवर निजण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. चारचौघांत आपली गादी दिसावी म्हणूनही काही घरी ती नेली जाते, हे मी पाहिले आहे.

ही वाकळ डिकीत कोंबू नये. घडी घालून मधल्या सीटवर पसरावी आणि तिच्यावरच बसावे. तिला वेगळी जागा लागत नाही आणि लांबच्या प्रवासात कंबरही धरत नाही. उशा नेऊच नयेत. रिकामे अभ्रे न्यावेत आणि रात्री त्यात बदलायचे कपडे भरावेत. बाकीच्या अंथरुणाची प्रत्येक माणसामागे एक वळकटी करावी. सतरंजी पसरून त्यावर त्याची चादर ठेवावी, एका टोकाकडून गुडघ्याने दाबत घट्ट गुंडाळत जावे आणि जुन्या साडीच्या पट्टीने दोन ठिकाणी बांधावे. सगळ्या घराचे एकच मोठे गाठोडे करू नका. नागपुरात त्या दिवशी गाडी दूर उभी करावी लागते आणि पुढचे अंतर पायी असते. ते गाठोडे मग कोणाच्या डोक्यावर येते हे सांगायला नको. वळकटीला खांद्यात अडकवण्यापुरता पट्टा ठेवला की ज्याची त्याने न्यावी. पुरुषांनीही.

भरताना डबे, भांडी, पाण्याचा कॅन खाली आणि वळकट्या वर. उरलेल्या फटींत सुट्या चादरी. मात्र सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचू नये. चालकाला आरशातून मागचे दिसले पाहिजे, आणि जोरात ब्रेक लागला तर वरची वस्तू पुढच्यांच्या मानेवर येते. स्टोव्ह किंवा छोटा सिलिंडर अंथरुणाशेजारी मुळीच नको.

टपावर बांधू का, असे तरुण मुले विचारतात. मुंबईजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. सपाट भागात तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. त्या वेगात सुतळीने बांधलेले गाठोडे वाऱ्याने सुटते आणि मागून येणाऱ्या गाडीवर पडते. टपावर ओझे चढले की वळणावर गाडीचा तोलही बदलतो. पक्के कॅरिअर असेल, खाली-वर ताडपत्री असेल आणि दोर ताणून बसवला असेल, तरच हलक्या वळकट्या वर ठेवाव्यात आणि वेग आवरावा. परतीचा पाऊस दसऱ्यालाही गाठतो. भिजलेली वाकळ दोन दिवस वाळत नाही.

१ जानेवारीच्या भीमा कोरेगावचे गणित वेगळे. रात्री उघड्या माळावर थंडी असते आणि ती अंगावरून जेवढी लागते त्यापेक्षा जास्त जमिनीतून येते. लोक दोन-दोन रजया अंगावर घेतात आणि खाली नुसती चटई टाकतात, मग पहाटे कुडकुडतात. त्यातली एक अंगाखाली घ्यावी. तिथेही गाड्या लांब थांबवतात, म्हणून रजईसुद्धा वळकटीतच बांधावी.

परत आल्यावर हे सारे तसेच पेटीत टाकू नये. आधी धूळ झटकून वाकळ एक दिवस कडक उन्हात घालावी आणि पट्ट्या धुऊन तिच्यातच गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध होत नाही. यंदाच्या वहीत मी प्रत्येक नावापुढे अंथरुणाचा एक रकाना आखला आहे. ज्यांना आपल्या आजी-आजोबांना न्यायचे आहे त्यांनी त्यांची नावे आधी लिहावीत, सामान नंतर.