खड्ड्यातला सुरण

सुरणाला खत घालायचं ते खड्ड्यात, वरून नाही. खालापूरकडच्या ज्या काकांच्या परड्यात सात-आठ किलोचे गड्डे निघतात, त्यांचा हा एकच हट्ट. "वरून ओतलेलं पाताळगंगेला मिळतं," ते म्हणतात. या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तेव्हा म्हणणं खोटं नाही.

मे महिन्यात हात-दीड हात खोल खड्डा, तोही उतारावर, कारण पाणी साचलं की गड्डा कुजलाच. तळाशी पालापाचोळा, वर चुलीतली राख नि वर्षभर कुजलेलं शेणखत, मातीत कालवून. बेणं अर्ध्या किलोच्या आसपासचं. कापलं तर प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा तुकडा यायलाच हवा. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवायच्या.

पावसाबरोबर ठिपक्यांचा दांडा वर येतो आणि माथ्यावर छत्री उघडतो. ते खोड नव्हे, अख्खं झाड म्हणजे एकच पान. खाली जुना गड्डा आटत जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा बसतो. काकांनी माती सारून दाखवलं: खाली सुरकुतलेलं काळं चोथापाणी, वर घट्ट, तांबूस कंद. म्हणून मोठा हवा तर पहिल्या वर्षी उकरायचाच नाही. दुसऱ्या पावसात मोठ्याच्या डोक्यावर आणखी मोठा येतो.

कोपऱ्यात जीवामृताचा ड्रमही आहे, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या कृतीचा: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ नि बेसन, मूठभर बांधाची माती, दोन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. एवढं एका एकराला. त्यातून नत्र पडत असेल जेमतेम पाव किलो. पाळेकरही त्याला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. तरी पाहुणे आले की फोटो ड्रमचाच काढतात! खड्डा बिचारा मातीखाली. मला विचाराल तर सगळं श्रेय त्या खड्ड्याचं आणि दोन वर्षं हात आवरण्याचं.

आंध्रातल्या कोव्वूरचा 'गजेंद्र' हा सुरणाचा वाण खाजत नाही. काकांकडे मात्र गावठी, खाजराच. काकूंची त्यावर कायमची तक्रार, कारण सोलायचा त्यांना: हाताला खोबरेल चोपडून, भाजीत मूठभर आमसुलं टाकून. एवढा थोरला गड्डा कर्जतच्या बाजारात अख्खा कोण घेणार? फोडी करून विकतात. डोळ्याचा मधला भाग तेवढा घरी परत येतो, पुढच्या मेसाठी.