मृण्मूर्तिकलेचे पहिले धडे

पोळ्याच्या दिवशीं सेलूसारख्या गांवांत, ज्या घरीं गोठा नाहीं तेथेंही, मातीच्या बैलांची जोडी पाटावर येते. ही जोडी घरच्या मुलानें घडविलेली असते किंवा बाजारांतून, सांच्यांतून काढून रंगविलेली आणलेली असते. बैल दोन्ही वेळां मातीचाच. परंतु पहिल्याच्या अंगावर मुलाच्या आंगठ्याचा ठसा असतो, आणि वशिंड खांद्यावर येतें कीं पाठीच्या मध्यावर, हें ठरवितांना त्या मुलाला एकवार खरा बैल नीट पाहावा लागलेला असतो. मातीच्या मूर्तिकामाचें शिक्षण म्हणजे काय, तें या एका फरकांत सांपडतें.

सेलूच्या भोंवतालची जमीन काळी, कापसाची. या मातीचा चिकटपणा मोठा, आणि तिचा दोषही त्यांतच आहे. तिचे अतिसूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात व वाळतांना आकसतात. म्हणून उन्हाळ्यांत शेतांना भेगा पडतात. हीच माती जशीच्या तशी घेऊन मूर्ति केली, तर शेताची गत मूर्तीची होते. यास्तव पहिला धडा आकाराचा नसून मातीचा असतो. ढेकळें फोडून पाण्यांत भिजत घालावीं, पातळ चिखल कापडांतून गाळावा, गाळ खालीं बसल्यावर वरचें पाणी ओतून टाकावें, आणि घट्ट झालेल्या मातींत बारीक वाळू किंवा विटांची भुकटी घालून ती मळावी. वाळूचे कण आकसत नाहींत. त्यामुळें मूर्तीला भेगा कमी जातात. कुंभार मातींत लीद व राख मिसळतो. भट्टींत लीद जळून जाते व मातींत बारीक छिद्रें राहतात, त्यांतून वाफेला वाट मिळते.

माती तयार झाली कीं चांगला शिक्षक लगेच देवाच्या मूर्तीला हात घालूं देत नाहीं. गोळा, वळी व चपटी पाटी हे आकार प्रथम हाताला यावे लागतात. नंतर पाटीवर पिंपळाचें पान उठावांत करावयाचें. कागदावर पान रेषेनें संपतें; मातींत त्याची कड कोठें उचलते आणि शीर कोठें बुडते, हें बोटांना ठरवावें लागतें. पुढें आंबा, वांगें अशीं फळें सर्व बाजूंनीं घडवावयाचीं, आणि मग बैल. येथें विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते. चित्र एका जागीं बसून काढतां येतें. मूर्तीसाठीं फिरावें लागतें. समोरून साधलेला बैल बाजूनें पाहिला तर मान आंखूड निघते, मागून पाहिला तर कंबर वांकडी. प्रत्येक बाजूची बाह्यरेषा खरी ठरेपर्यंत पाट फिरवीत राहणें, हाच या विद्येचा अभ्यास होय. माणसाचें मस्तक करतांना आंत लांकडाचा व तारेचा सांगाडा द्यावा लागतो. नाहींतर ओल्या मातीचें वजन मातीला पेलत नाहीं.

काम भाजावयाचें असेल तर मात्र सांगाडा चालत नाहीं. मूर्ति पोकळ हवी. जाड मातींत ओल दडून राहते, भट्टींत तिची वाफ होते, आणि वाट न मिळाल्यास मूर्ति फुटते. म्हणून थोडी आवळलेली मूर्ति तारेनें कापून, आंतून कोरून पुन्हा जोडतात व सावलींत सावकाश वाळवितात. काळ्या मातींतील चुनखडीचा एखादा खडा राहून गेला, तर तो भट्टींत पोळून कळीचा चुना होतो व पुढें हवेंतील ओल पिऊन फुगतो. चांगली भाजलेली मूर्ति कांहीं दिवसांनीं खपली टाकते, ती यामुळें. माती गाळण्याचा कंटाळा करणाऱ्याला हा धडा असा उशिरां मिळतो.

मराठवाड्याला हें ज्ञान नवें नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथें सातवाहनकाळच्या मृण्मूर्ती सांपडल्या आहेत. त्यांपैकीं कित्येक पुढच्या व मागच्या अशा दोन सांच्यांत दाबून, पोकळ ठेवून जोडलेल्या आहेत. तेव्हां सांचा हा कांहीं कलेचा शत्रु नव्हे. परंतु सांच्यापूर्वीं कोणीतरी मूळ मूर्ति हातानें घडविलेली असते. केवळ सांचा भरणारा त्या हाताला मुकतो.

वर्ग भरवून शिल्प शिकविण्याची प्रथा महाराष्ट्रांत रुजविण्यांत मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचा वांटा मोठा आहे. ती १८५७ सालीं निघाली, व १८६५ सालीं जॉन लॉकवूड किपलिंग तेथें वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून आले. बोरीबंदर स्थानकाच्या नक्षीकामांत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तेथेंच शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनीं विशीच्या आसपास ‘मंदिरपथगामिनी’ हा प्लॅस्टरचा पुतळा घडवून नांव मिळविलें. विनायक पांडुरंग करमरकर १८९१ सालीं अलिबागजवळील सासवणें येथें, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरांत जन्मले. ऑटो रॉथफील्ड या जिल्हाधिकाऱ्यांनीं त्यांचे गुण हेरले, आणि त्यांच्या साहाय्यानें करमरकर मुंबईच्या कलाशाळेंत गेले. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालीं उभा राहिला, तो त्यांच्याच हातचा. घरच्या मातीनें हात तयार केला होता. वर्गानें त्याला शास्त्र दिलें.

सेलूच्या मुलांजवळ हात आहे आणि पायाखालीं माती आहे. परंतु शाळेंतील चित्रकलेचा तास बहुधा एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय परीक्षांच्या तयारींत जातो, आणि त्या परीक्षा कागद, पेन्सिल व रंग यांच्या. मातीला गुण नाहींत, म्हणून मातीला तास नाहीं. वस्तुतः या वर्गाला खर्च थोडा: एक बादली, जुनें धोतर, लांकडी पाट, थोडी तार; आणि माती मळण्याची रीत दाखविण्यास गांवचा कुंभार. पोळ्याच्या आठ दिवस आधीं प्रत्येक मुलाच्या हातीं एक गोळा द्यावा, व रस्त्यानें जाणारा बैल पाहून तो घडवावयास सांगावें. पहिला बैल ओबडधोबड होईल, कदाचित् त्याचा एखादा पायही वाळतांना गळेल. तरी पूजेच्या पाटावर तोच ठेवावा. पुढील वर्षीं वशिंड आपल्या जागीं येईल.