जुन्या संगणकाला नवं दार

पावसाळ्याचे दिवस होते. दुपारची झाकपाक करून घटक चाचणीचा पेपर टाईप करावा, म्हणून मी माडीवर गेले. संगणक लावला, तर कुठूनतरी 'टक् टक्, टक् टक्' असा आवाज! मला वाटलं, पाल चुकचुकतेय. भिंत पाहिली, ट्यूबलाईटच्या मागे पाहिलं. पाल कुठेच नव्हती. आवाज संगणकाच्या डब्यातूनच येत होता.

संध्याकाळी 'हे' घरी आल्यावर त्यांना ऐकवलं. त्यांचा चेहराच उतरला. "अगं, हार्ड डिस्क जातेय ही," ते म्हणाले, "आणि नानांच्या कॅसेटी यातच आहेत."

त्या कॅसेटींबद्दल आधी सांगायला हवं. नाना म्हणजे माझे सासरे. २००३ साली त्यांनी हँडीकॅम घेतला आणि मग घरातलं काही म्हणून टिपायचं सोडलं नाही. वन्संचं लग्न, गणपतीची आरास, आंब्याची पहिली पेटी, आमचं लग्न आणि २००५ साली जात्यावर बसून ओव्या म्हणणाऱ्या माझ्या आजेसासूबाई. अशा चोवीस कॅसेटी झाल्या. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, २०१० साली, हा संगणक घरात आला तो मुख्यतः त्या कॅसेटी उतरवून ठेवण्यासाठी. २०१९ साली नाना गेले. पुढे २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. खालच्या मजल्यावरचं कपाट, त्यातल्या कॅसेटी, कॅमेरा, सगळं चिखलात गेलं. सासूबाईंनी एकेक कॅसेट पुसून वाळवायला ठेवली होती, पण त्यातली एकही पुन्हा चालली नाही. संगणक तेवढा माडीवर होता म्हणून वाचला. म्हणजे नानांनी टिपलेलं जे काही उरलं होतं, ते या एका टक् टक् करणाऱ्या डब्यात!

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं काय करत होतात? दुसरीकडे उतरवून का नाही ठेवलंत? विचारा, जरूर विचारा. मीही स्वतःला तेच विचारत होते.

खरं सांगायचं तर प्रयत्न केला होता. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क त्यासाठीच विकत आणली होती. पण अशी एक तासाची कॅसेट संगणकात सुमारे १३ जीबी जागा खाते. चोवीस कॅसेटी म्हणजे तीनशे जीबीच्या वर. कॉपी लावली की पडद्यावर यायचं, 'तीन तास शिल्लक'. आणि पावसात आमच्याकडे लाईट किती टिकतात ते कोकणातल्या बायकांना सांगायला नको. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं दम काढतो. दोनदा अर्ध्यावर खोळंबा झाला आणि 'दिवाळीच्या सुट्टीत बघू' म्हणून ते काम मागे पडलं. कुठल्या दिवाळीच्या, ते मात्र ठरलं नव्हतं.

आता मात्र गाठ होती. त्या रात्री एक शहाणपणा केला. सगळं एकदम न लावता आधी आजेसासूबाईंची ओव्यांची फाईल तेवढी घेतली. सात मिनिटं लागली. देवापुढे दिवा लावून सासूबाई खालून दर दोन मिनिटांनी "झालं का गं?" विचारत होत्या. मग आणखी चार फाईली घेतल्या. तेवढ्यात लाईट गेले आणि आम्ही संगणक बंद केला. (तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा. सर्वांत मोलाचं आधी, बाकीचं मागाहून.)

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले, "बाई, एवढा जुना संगणक कोण ठेवतं? भंगारात द्या आणि नवा घ्या." आमच्या घरात पितळी पातेलं गळायला लागलं तर डाग देऊन वापरतात, भंगारात देत नाहीत. मी घरी आले आणि वन्संच्या मुलाला पुण्याला फोन लावला. तो अभियांत्रिकीचा डिप्लोमा करतोय.

तो म्हणाला, "मामी, डिस्क जुनी झालीय हे खरं, पण कॉपीला तीन तास लागतात तो दोष डिस्कचा नाही. दार अरुंद आहे. घरात शंभर माणसं असली आणि बाहेर पडायला एकच खिडकी असली तर वेळ लागणारच ना?"

हे दार म्हणजे यूएसबीचं भोक, ज्यात आपण पेनड्राईव्ह लावतो. आमच्या संगणकाला आहेत ती यूएसबी २.० ची. ही पद्धत २००० साली आली. कागदावर तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठाने भागून ६० मेगाबाईट. प्रत्यक्षात हाती येतात तीस ते चाळीस. बाहेरची साधी फिरती हार्ड डिस्क मात्र सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाईट सहज घेऊ शकते. म्हणजे तिची दोनतृतीयांश ताकद दारातच अडून बसते. २००८ साली यूएसबी ३.० आलं, त्याचा वेग कागदोपत्री दसपट, ५ गिगाबिट. आमच्यासारख्या २०१०-११ च्या कित्येक संगणकांत ते आलेलंच नव्हतं.

पण डेस्कटॉपची एक सोय असते, ती लॅपटॉपला सहसा नाही. त्याच्या पोटात जादा कार्डं बसवायला खाचा ठेवलेल्या असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. त्यात यूएसबी ३.० चं कार्ड बसवलं की मागच्या बाजूला नवी भोकं तयार. झालं! भाच्याने असंही सांगितलं की, एकदाच कॉपी करायची असेल तर नवी डिस्क थेट आतच जोडता येते, मग कार्डही नको. पण त्यासाठी आणखी एक डिस्क आणावी लागली असती. शिवाय पुराने आम्हाला शिकवलं होतं की, एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावी असावी. तेव्हा बाहेरची डिस्क आणि कार्ड हेच ठरलं.

आता पहिली फजिती ऐका. 'हे' बाजारात गेले आणि "यूएसबीचं कार्ड द्या" म्हणून सांगितलं. दुकानदाराने दिलं. घरी येऊन पाहिलं तर ते जुन्या पीसीआय पद्धतीचं, तेही यूएसबी २.० चं! म्हणजे खिडक्या चार वाढल्या असत्या, पण सगळ्या तेवढ्याच अरुंद. चूक आमचीच, नीट विचारलं नव्हतं. परत करून दुसरं आणलं, साडेनऊशे रुपयांना.

तेव्हा बाजारात जाण्याआधी संगणकाचं झाकण उघडून आतला स्लॉट बघा. जुना पीसीआय स्लॉट लांब असतो, साधारण साडेआठ सेंटिमीटर, आणि बहुधा पांढरा. आपल्याला हवा तो पीसीआय एक्सप्रेस. त्यातला छोटा अडीच सेंटिमीटरचा, आपल्या करंगळीच्या निम्म्याएवढा. त्याला 'एक्स वन' म्हणतात. छोटा रिकामा नसेल तर हे छोटं कार्ड लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्येही चालतं. रंगावर विसंबू नका, लांबी बघा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून दुकानात दाखवा. मी तर मॅचिंग ब्लाऊजपीससाठीही फोटो नेते! आणि तुमचा डबा बारीक अंगाचा असेल तर कार्डाची पट्टीसुद्धा आखूड लागते, तेही सांगा.

नावांचा घोळही समजून घ्या. खोक्यावर कुठे 'यूएसबी ३.०' लिहिलेलं असतं, कुठे '३.१ जेन १', तर कुठे '३.२ जेन १'. वेग तिन्हींचा एकच, ५ गिगाबिट. मुलीचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं आणि लाडाचं तिसरं, पण मुलगी तीच! याहून महागडी, १० गिगाबिटची कार्डंही मिळतात. जुन्या संगणकाला ती घेऊ नयेत. छोट्या स्लॉटमधून पहिल्या पिढीत सेकंदाला २५० मेगाबाईट आणि दुसऱ्या पिढीत ५०० मेगाबाईट एवढंच जाऊ शकतं. फिरत्या डिस्कला तेवढं पुरून उरतं.

कार्ड घेताना त्याला वीज घ्यायची वेगळी जागा आहे ना, तेही पाहावे. बाहेरची डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते. जुन्या भोकातून ५०० मिलीअँपिअर मिळते, नव्यातून ९०० मिळायला हवी. स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर एक डिस्क बहुधा चालते, पण दोन लावायच्या तर संगणकाच्या आतली वीजपुरवठ्याची एक वायर कार्डाला जोडलेली बरी. पिन एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर उलटी धरलीय असं समजावं, जोर करू नये.

बसवायचं काम मी आणि 'ह्यां'नी मिळून केलं, भाचा फोनवरून सांगत होता. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढला. मग चालू करायचं बटण एकदा दाबलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. उघडा पत्रा हाताने शिवला, अंगावरची स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून. झाकणाचे दोन स्क्रू काढले तर आत ही धूळ! पुस्तकं झटकायच्या मऊ ब्रशने ती हलकेच काढली. त्या भानगडीत तासभर गेला, 'हे' कंटाळले, पण तेवढी धूळ बघून पुढचं काम करायचं माझ्याच्याने होईना. स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढताना माझं बोट कापलं. त्या कडा फार धारदार असतात, फडकं धरून काढा. कार्ड दोन्ही टोकांना सारखं दाबून बसवायचं, नीट बसल्याचं हाताला कळतं. मग वरचा स्क्रू आवळायचा. एवढंच.

आमच्याकडे विंडोज १० आहे, त्याने कार्ड आपणहून ओळखलं. विंडोज ८ पासून पुढे ही सोय आहे. विंडोज ७ असेल तर कार्डासोबतचा ड्रायव्हर टाकावा लागतो, तेव्हा खोक्यातली छोटी सीडी फेकू नका. जाता जाता सांगते, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नेहमीची देखभालही कंपनीने थांबवली. म्हणून आम्ही या संगणकावर बँकेचे व्यवहार करत नाही, इंटरनेटही काढून ठेवलंय.

तर कार्ड बसलं, डिस्क लावली, कॉपी सुरू केली आणि वेग बघते तो बत्तीस! पूर्वीइतकाच. 'हे' म्हणाले, "साडेनऊशे पाण्यात." मला रडूच आलं. पुन्हा फोन. भाच्याने पहिला प्रश्न विचारला, "मामी, वायर कुठली लावलीय?"

डिस्कची मूळ वायर मागच्या बाजूपासून टेबलापर्यंत पुरत नव्हती, म्हणून मी घरातली एक जुनी वाढीव वायर मध्ये जोडली होती. तिथेच सगळं अडलं होतं. जुन्या यूएसबीत चार तारा असतात, नव्यात नऊ. मध्ये चार तारांची वायर आली की नवं भोकही गुपचूप जुन्या वेगाने चालतं, तक्रारसुद्धा करत नाही. वाढीव वायर काढली, डिस्क खाली स्टुलावर ठेवली, मूळ वायर थेट लावली. पिनेच्या आतला भाग निळा असतो, भोकही निळं असतं. सगळ्याच कंपन्या हा रंग पाळतात असं नाही, पण बऱ्याच पाळतात. आकडा चढत गेला. सत्तर, नव्वद, अठ्ठ्याण्णव.

उरलेल्या एकोणीस कॅसेटी, जवळजवळ अडीचशे जीबी. पाऊण तासात संपल्या. लाईट गेले नाहीत, हे नशीब.

संपल्या म्हणजे अठरा संपल्या. एक फाईल निम्म्यावर अडकली ती अडकलीच, डिस्कचा तो भाग खराब झालेला होता. कार्डाने दार रुंद होतं, आतली डिस्क काही बरी होत नाही. तिला आम्ही त्याच आठवड्यात रजा दिली आणि संगणकात नवी छोटी एसएसडी टाकून घेतली. आता माझे पेपर त्यावरच टाईप होतात. कीबोर्ड आणि माऊस आम्ही जुन्याच भोकांत ठेवले आहेत, कारण विंडोज सुरू व्हायच्या आधी नव्या कार्डावरच्या वस्तू कधी कधी ओळखल्या जात नाहीत. पुढची दोन भोकंही जुन्या वेगाचीच आहेत. तिथे मी 'हळू' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवलीय, नाहीतर 'हे' पुन्हा डिस्क तिथेच लावतील.

बाहेरची डिस्क वन्संकडे पुण्याला गेली. गणपतीला भाचा येताना ती घेऊन येतो, वर्षभरातलं नवं त्यात भरून परत नेतो.

आणि अडकलेली फाईल कुठली, माहीत आहे? आमच्या लग्नाची दुसरी कॅसेट. 'हे' दोन दिवस हळहळत होते. सासूबाई मात्र म्हणाल्या, "जाऊ दे रे. तीत नुसत्या पंगतीच होत्या. जिलबी कमी पडली होती, ते तरी आता कोणाला दिसायचं नाही."