नैवेद्य नाकारणारा नाग

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की झाडीपट्टीतील घरांच्या भिंतींवर गेरूने वा कोळशाने नाग उमटू लागतात. दूध-लाह्यांचा नैवेद्य, वारुळाची पूजा, चुलीवर तवा न चढविण्याचा आणि विळी-सुरीला हात न लावण्याचा नेम सर्वत्रच आहे. परंतु गोंदिया जिल्ह्यात हा सण धानाच्या रोवणीच्या ऐन घाईत येतो. बांध्यांत पाणी साचलेले, रोपे उपटून ठेवलेली, मजूर मोठ्या मिनतवारीने मिळालेले. अशा वेळी एक दिवस मातीला लोखंड लावावयाचे नाही, हा नेम पाळणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यासच ठाऊक. धानाच्या कणग्यांचा शत्रू उंदीर आणि उंदराचा शत्रू नाग, हे गणित त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आदल्या दिवशी, नागचतुर्थीस, स्त्रिया भावासाठी उपवास धरतात. आम्ही सांगणार आहो ती हकीकत अशाच एका चतुर्थीची आहे. तिला चाळीसाहून अधिक वर्षे लोटली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी.

त्या सायंकाळी पावसाने झोडपलेला एक वृद्ध गारुडी आमच्या ओसरीवर आश्रयास आला. त्याच्या खांद्यावर कावड होती आणि कावडीत वेताची पेटी. घरी नाग आला, तोही चतुर्थीस, म्हणून आमच्या मातोश्रींना कोण आनंद झाला! त्या वर्षी त्यांचे धाकटे बंधू नागपूरच्या रुग्णालयात अंथरुणास खिळले होते. दिवसभराच्या उपवासानंतर त्यांनी सोवळ्याने वाटीभर दूध आणले. गारुड्याने पेटी उघडली. नाग वेटोळे करून निपचित पडला होता. दूध पुढे केले, त्याने मान फिरविली. पुन्हा केले, त्याने फणाही उभारला नाही. गारुडी त्याची मान धरून तोंड वाटीत बुडवू लागला, तेव्हा मातोश्रींनीच त्याला थांबविले. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु देवाने नैवेद्य नाकारला आणि तो भावाच्या नावाचा नाकारला, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

रात्री जेवणानंतर गारुडी हळूच म्हणाला, "माय, मनाले लावून घेऊ नको. नाग दूध पेत नाही. तहानला का कायलेही तोंड लावते. याले तर महिनाभर झाला, बेडूकही घेत नाही." एवढे बोलून तो खाली पाहू लागला. पेटीतला जीव गेला तर ऐन पंचमीस त्याची झोळी रिकामी राहणार होती.

शेजारी एक निवृत्त वनरक्षक राहत. नागझिऱ्याच्या जंगलात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. नागदेवतेचे स्थान आणि पाण्याचा झरा यांवरून ज्याला नाव पडले असे म्हणतात, ते हे अरण्य 1970 साली अभयारण्य झाले. त्यांना सकाळी बोलाविले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी नागाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "याचे डोळे पाहा." डोळ्यांवर निळसर दुधी पडदा आला होता, अंगाची चमक गेली होती. नाग कात टाकण्याच्या बेतात होता. अशा वेळी सापास धड दिसत नाही. तो अन्नाकडे पाहत नाही आणि अंधारात पडून राहतो. डोळे पुन्हा निवळतात, मग काही दिवसांत कात उतरते आणि भूक परतते.

परंतु एवढ्याने महिनाभराचा उपास उलगडत नव्हता. त्यांनी काठीने अलगद जबडा उघडून दाखविला. विषदंत उपटलेले, हिरड्या सुजून चिघळलेल्या. ज्याच्या तोंडात जखम, तो घास कसा घेणार? शिवाय लपावयास जागा नाही, दिवसाकाठी दहा वेळा झाकण उघडते, पावसाळी गारवा अंगात भरतो. सापाच्या देहात स्वतःची ऊब नसते. बाहेरची ऊब मिळाली नाही तर गिळलेले अन्नही पोटात कुजते, म्हणून तो मुळात गिळतच नाही. निरोगी साप अन्नावाचून कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही काढू शकतो. अमरकोशात सर्पाच्या नामावळीत 'पवनाशन', म्हणजे वायू भक्षण करणारा, असा शब्द आहे. आमच्या पूर्वजांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते! मात्र पाण्यावाचून तो तगत नाही. पंचमीपूर्वी नागांना मुद्दाम तहानलेले ठेवावयाचे, म्हणजे ते दारोदार दुधास तोंड लावतात, हे त्या धंद्यातले जुने गुपित. दूध पचविण्याची शक्ती सापाच्या आतड्यांत नाही. त्याच्या श्वासनलिकेचे द्वार तोंडातच, खालच्या जबड्यावर उघडते. बळेच ओतलेले दूध फुप्फुसात उतरते आणि पंचमीचा मान घेऊन गेलेले कित्येक नाग पुढे तडफडून मरतात.

हे ऐकून मातोश्री देवघरात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या पितळी परातीत स्वच्छ पाणी घेऊन. नागाने जिभेने अंदाज घेतला, तोंड टेकविले आणि तो प्याला. इतका वेळ प्याला की आम्ही मुले श्वास रोखून पाहत राहिलो. पंचमीची पूजा त्या दिवशी भिंतीवरल्या नागाची झाली. पेटीवर जाड कापड टाकून ती पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात, चुलीच्या भिंतीलगत ठेवली आणि घरातल्या सर्वांस तिकडे फिरकण्याची मनाई झाली. दंत उपटले तरी नवे येतात, आणि विषाच्या ग्रंथी जागच्या जागी असतात, हे वनरक्षकांनी दोनदा बजावले होते.

सहाव्या दिवशी नागाने कात टाकली, तीही अखंड. वनरक्षकांच्या हाताशी 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. मनात आणते तर गारुड्यास चौकीवर नेते. त्यांनी तसे केले नाही. हिरड्या भरून येईपर्यंत पेटी स्वतःच्या घरी ठेवली, दोन आठवड्यांनी नागाने पहिला बेडूक घेतला, आणि एका पहाटे दोघे म्हातारे पेटी घेऊन जंगलाकडे गेले. कात मातोश्रींनी धानाच्या कोठीत ठेवली. मामा दिवाळीनंतर बरे होऊन घरी आले. त्याचा संबंध मातोश्रींनी नागाशी कधी जोडला नाही, आम्हीही जोडीत नाही.

ही गोष्ट येथेच संपली असती तर बरे वाटले असते. पुढल्या श्रावणात तोच गारुडी पुन्हा दारी आला, आणि पेटीत दुसरा नाग होता. त्याला दोष देणे आम्हांस जमले नाही. वाडवडिलांपासून पोट भरण्याचा दुसरा मार्ग त्यास कोणी दाखविला नव्हता. मातोश्रींनी त्याला तांदूळ, डाळ, गूळ असा भरघोस शिधा दिला, नागासाठी पाणी दिले, परंतु पेटीपुढे दुधाची वाटी ठेविली नाही.

दरम्यान पुष्कळ पाणी वाहून गेले. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील जिवंत नागांच्या पूजेचा प्रश्न 2002 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि मिरवणुकांवर बंधने आली. पुण्यात नीलमकुमार खैरे यांनी 1980 साली बहात्तर विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास काढून, न डिवचलेला साप उगाच चावत नाही, हे लोकांस प्रत्यक्ष दाखविले. नागझिऱ्याचे अरण्य 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. श्रावणात विदर्भातील भाविक आजही पचमढीच्या नागद्वाराची बिकट वाट चालतात. जनमेजयाचे सर्पसत्र थांबविणाऱ्या आस्तिक मुनींची कथाही पंचमीस सांगितली जाते. ती सांगताना आम्हांस दरवेळी तो कंदील आणि ते दुधी डोळे आठवतात.

मातोश्री गेल्या त्यालाही आता बरीच वर्षे झाली. भिंतीवर नाग काढण्याचे काम आमच्या सूनबाईंकडे आले आहे. नैवेद्याला दूध-लाह्या असतातच. त्यांच्या शेजारी पाण्याची पितळी परात मात्र आमच्याच घरी दिसते. पाहुणे विचारतात, तेव्हा ही हकीकत सांगावी लागते.