गाडी सुरू होत नाही? आधी तिचा आवाज ऐका

माघातली पहाट. तासगावच्या रानात द्राक्षांच्या पेट्या टेम्पोत भरून झाल्या आहेत. बाजार गाठायचा आहे आणि किल्ली फिरवली तर गाडी नुसती ‘टक्’ करते. घरधनी पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो, पोरे धक्का द्यायला धावतात आणि अर्ध्या तासात उरलीसुरली बॅटरीही उतरते. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांनी हा प्रसंग पाहिला असेल.

आपला मुलूख तसा इंजिनांचा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, साताऱ्यात कूपरची इंजिने तयार झाली. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून चालू करणारी जुनी माणसे नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखत. शेतकरी बंधूंनो, तीच रीत टेम्पो, जीप आणि ट्रॅक्टरला लावा. किल्ली एकदाच फिरवा आणि कान द्या.

आवाज नाही किंवा नुसती टकटक

दिवे लावून बघा. ते मंद असतील किंवा सेल्फ मारताच विझत असतील, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांवर आहे. टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर क्लिपा सोडवा. आधी वजा बाजूची, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून फडक्याने टोके पुसा, बारीक पॉलिश पेपरने घासा, क्लिपा घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावा. जोडताना वजा बाजू शेवटी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. भरायची बॅटरी असेल, तर तिच्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. विहिरीच्या पाण्यातले क्षार तिला मारतात. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

दिवे लख्ख आहेत, तरी सेल्फ गप्प? गिअर न्यूट्रलला आहे का, क्लच पूर्ण दाबला आहे का, ते बघा. पुष्कळ ट्रॅक्टर त्याशिवाय सुरूच होत नाहीत. तेही ठीक असेल, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत. तिथे फिटरच हवा.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

बॅटरी चांगली आहे. डिझेल पोहोचत नाही. टाकी बघा, कॉक उघडा आहे का बघा, इंजिन बंद करायची दांडी ओढलेली तर राहिली नाही ना, तेही बघा. हसू नका, मिस्त्रीला बोलावल्यावर पुष्कळदा हेच निघते!

टाकी कोरडी पडून पुन्हा भरली असेल, तर पाइपात हवा धरली जाते. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले, की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांना हात लावू नका. तिथला दाब एवढा असतो, की डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. नव्या कॉम्प्युटरवाल्या गाडीचे हे काम गॅरेजवरच करा.

सेल्फ जड, रेंगाळत फिरतो

थंडीत इंजिनचे ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो. हीटर असलेल्या गाडीत किल्ली अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका; मध्ये एक-दोन मिनिटे जाऊ द्या. नाही तर बॅटरी उतरतेच, शिवाय सेल्फही जळतो.

हे मात्र कधीच नको

जमिनीवर उभे राहून, स्क्रू-ड्रायव्हर लावून सेल्फचे खिळे जोडायचे आणि ट्रॅक्टर सुरू करायचा, ही खोड जिवावर बेतते. गिअर पडलेला असला, की ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे येतो आणि मोठे चाक समोरच्या माणसावरून जाते. पळायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करा, आणि घरातल्या पोरांनाही हे बजावून ठेवा.

दुसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि दारातल्या गाड्या बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत भागणारे काम लाखाच्या घरात जाऊ शकते. बॅटरीची वजा बाजू सोडा, ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे. गाडी ओढूनच गॅरेजला न्या.

तेव्हा मंडळी, एक पान्हा, फडके, सोड्याची पुडी आणि व्हॅसलीनची डबी गाडीत कायम असू द्या. अडल्या रात्री घरातल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर ही दोन रुपयांची पुडीच कामी येईल. बैलाला चाबूक मारण्याआधी आपण त्याचा पाय बघतो. गाडीचेही तसेच, आधी ऐका, मग हात घाला.