वाढत्या मापाचा बूट नको

मराठी घरात लहान मुलांची खरेदी एका ठरलेल्या सूत्रानुसार चालते. फ्रॉक असो, रेनकोट असो की शाळेचे बूट असोत, 'वाढत्या अंगाचे घ्या' हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी उच्चारतेच. त्यामागे काटकसर असते, तशीच मूल वाढणार आहे ही प्रसन्न खात्रीही असते. फ्रॉकला आतून टीप घालून ठेवता येते, रेनकोटच्या बाह्या दुमडता येतात, शाळेचा बूट सैल असेल तर जाड मोजे घालता येतात. पिढ्यान्‌पिढ्या या सूत्राने संसार सावरले आहेत. बॅले नृत्याच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाच्या बुटापाशी मात्र ते लागू पडत नाही.

पुण्यातील एका जैन कुटुंबाला याचा अनुभव आला. सहा वर्षांची नात बॅले शिकू लागली. शिक्षिकेने मऊ तळाचे गुलाबी बूट आणण्यास सांगितले. घरात चामड्याची वस्तू येत नसल्याने आई आणि आजी तीन दुकाने फिरल्या. दोन ठिकाणी केवळ चामड्याचेच बूट होते. तिसऱ्या दुकानात कापडी जोड मिळाला, पण तो दोन नंबर मोठा होता. "घेऊन टाक गं, वाढत्या अंगाचा आहे. दिवाळीपर्यंत बरोबर होईल," असा निर्णय आजींनी सुनेला दिला. नाडी आवळण्यात आली, पुढच्या टोकात थोडा कापूस कोंबण्यात आला आणि मुलगी वर्गाला जाऊ लागली.

तीन महिन्यांनी शिक्षिका आजींना म्हणाल्या, "आजी, नात हुशार आहे तुमची, पण फार भित्री आहे हो. टाचा उचलायला सांगितल्या की थबकते, उडी म्हटली की मागे सरते. एखादे वर्ष थांबवून पाहायचे का?" घरी त्यावर बोलणे झाले. वर्ग बंद करावा, असे वडिलांचे मत पडले. मुलगी काहीच बोलली नाही. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पाय पुसून देताना आजींना तिच्या बोटांच्या पेरांवर लालसर वण दिसले. बोटे अशी आखडून का धरतेस, असे विचारताच ती म्हणाली, "नाहीतर बूट पडेल ना, आजी."

भीतीचा उगम पायात होता, मनात नव्हता. सैल बूट सांभाळण्यासाठी मूल बोटांनी तळ पकडून ठेवते. बॅलेमध्ये नेमके याच्या उलट हवे असते. बोटे सरळ, लांब आणि जमिनीवर पसरलेली असली तरच शरीराचा तोल त्यांच्यावर पेलला जातो. आखडलेल्या बोटांवर टाच उचलून उभे राहणे मोठ्या माणसालाही साधत नाही. घरी कोणीही हा प्रयोग करून पाहावा.

आपल्याकडे भरतनाट्यम् किंवा कथक शिकणारे मूल पादत्राणे दाराबाहेर काढून, भूमीला नमस्कार करून उभे राहते. नृत्यासाठी पादत्राण विकत घ्यावयाचे ही कल्पनाच आपल्या घरांना नवी, त्यामुळे ते कसे पारखावे याचे परंपरागत ज्ञान आजी-आजोबांजवळ असणार कोठून? बॅलेचा जन्म इटली आणि फ्रान्सच्या राजदरबारांतला. स्वतः नर्तक असलेल्या चौदाव्या लुईने 1661 मध्ये पॅरिस येथे नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली. त्या काळी दरबारी नर्तक टाचेचे बूट घालूनच नाचत. पुढे अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तिकेने बुटाची टाच काढून टाकली, असे श्रेय तिला दिले जाते. टाच गेली तशा उड्या वाढल्या, पायाची हालचाल मोकळी झाली. 1832 मध्ये पॅरिसला 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी ताल्योनी पायाच्या अंगठ्यांच्या टोकांवर नाचली, तेव्हा तिच्या पायांत आजच्यासारखे कडक टोकाचे बूट नव्हते. साध्या साटिनच्या सपाताच होत्या त्या, टोकाशी रफू करून थोड्या बळकट केलेल्या.

लहान मुलांचा बॅलेचा बूटही खरे तर सपातच असते. वर मऊ चामडे किंवा कॅनव्हास, तोंडाशी गोफासारखी बारीक नाडी, पायावरून जाणारी इलॅस्टिकची पट्टी आणि खाली पातळ तळ, एवढाच त्याचा संसार. तळाचे दोन प्रकार असतात. टाचेपासून चवड्यापर्यंत सलग असलेला तो फुल सोल. टाचेखाली एक आणि चवड्याखाली एक असे दोन तुकडे लावलेला तो स्प्लिट सोल. दुसरा दिसावयास अधिक डौलदार असतो, कारण त्यात पायाची कमान उठून दिसते. दुकानदारही बहुधा तोच पुढे करतात. नवशिक्या मुलासाठी मात्र सलग तळच बरा. तो वाकवताना पायाला किंचित श्रम पडतात आणि त्या श्रमानेच तळव्याचे स्नायू घडतात. अर्थात शिक्षिकेने काही वेगळे सांगितले असेल, तर तिचेच ऐकावे. रंगाबाबतही तेच. मुलींना बहुधा गुलाबी, मुलांना काळा किंवा पांढरा बूट सांगतात. होय, मुलगेही बॅले शिकतात. सूनी तारापोरवाला यांच्या 2020 मधील 'ये बॅले' या चित्रपटाची कथा मुंबईतील साध्या घरांतल्या दोन मुलांचीच आहे.

आता मापाकडे वळू. नेहमीच्या बुटाचा नंबर येथे उपयोगाचा नाही. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असते. एकीचा बारा नंबर दुसरीच्या अकराएवढा भरू शकतो. म्हणून पाय मोजावा, तोही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगलेला असतो. मुलाला कागदावर सरळ उभे करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवावी आणि जो पाय लांब भरेल त्याचे माप धरावे. बसलेल्या मुलाचे माप घेऊ नये. उभे राहिल्यावर तळवा पसरतो.

दुकानात बूट घातल्यावर खरी पारख सुरू होते. 'होतोय का गं?' या प्रश्नावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. गुलाबी बूट एकदा पायात गेला की सहा वर्षांची मुलगी 'होतोय' असेच म्हणणार. तो काढून घेतला जाईल ही तिची खरी धास्ती असते. त्यातून लहान मुलाच्या पायाचा बराचसा भाग अजून कूर्चेचा असतो, हाडे पक्की होण्यास किशोरवय सरत यावे लागते. हा कोवळा पाय दाबला गेला, तरी मोठ्या माणसासारखी तक्रार करीलच असे नाही. तेव्हा डोळ्यांनी आणि अंगठ्याने पाहावे. मूल सपाट उभे असताना बोटे आत सरळ पसरलेली हवीत, एकीवर दुसरी चढलेली नको. बुटाच्या टोकाशी चिमटीत जेमतेम कापड यावे, बोट शिरेल एवढी पोकळी नसावी. नंतर गुडघे वाकवायला सांगावे. त्या वेळी बोटे टोकावर आदळत असतील तर बूट लहान आहे. मग टाचा उचलून चवड्यावर उभे करावे. टाचेमागचे कापड फुग्यासारखे सुटत असेल तर बूट मोठा आहे. शेवटी पाय हवेत ताणून धरावयास सांगावे आणि तळाशी चुण्यांचा गठ्ठा होतो का ते न्याहाळावे. चामडे वापराने सैलावते, कॅनव्हास फारसा सैलावत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

नाडी हा सर्वांत मोठा मोह. ती आवळली की मोठा बूट पायावर बसल्यासारखा दिसतो, पण तो केवळ तोंडाशी आवळला जातो, आत तेवढाच मोठा राहतो. शिवाय घट्ट नाडी टाचेमागच्या शिरेला काचते. नाडीचे काम बसलेल्या बुटाच्या तोंडाची सैलसर कड नीट करणे, एवढेच आहे. गाठ मारून तिची टोके आत खोवावीत, म्हणजे पायात अडकत नाहीत.

चामडे वर्ज्य असलेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बुटाच्या डबीवर 'कॅनव्हास' असे लिहिलेले असले, तरी ते केवळ वरच्या भागाविषयी असते. खालचा तळ पुष्कळदा स्वेडचा, म्हणजे चामड्याच्या खरखरीत लवदार बाजूचा असतो. कधी आतला पातळ थरही चामड्याचा असतो. वर नमूद केलेल्या कुटुंबाला हे बुटाची खालची बाजू उजेडात धरल्यावर कळले. ज्या कारणासाठी दोन नंबर मोठा जोड पत्करला, ते कारणही त्या जोडाने साधले नव्हते. म्हणून दुकानात दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत: वरचा भाग कशाचा, आणि तळ कशाचा? चिकटवण्यास कोणता पदार्थ वापरला आहे, हेही निर्मात्याला पत्र पाठवून विचारता येते. साटिनच्या बाबतीतही गैरसमज आहे. साटिन हे विणीचे नाव आहे, धाग्याचे नव्हे. ते रेशमाचे असू शकते, तसेच पॉलिएस्टरचेही.

स्वेड वापरण्यामागे कारण आहे. ते लाकडी जमिनीवर घसरत नाही आणि चिकटूनही बसत नाही. गिरकी घेताना पाय सुटला पाहिजे आणि थांबताना धरला गेला पाहिजे, हे दोन्ही त्याने साधते. यास पर्याय म्हणून कृत्रिम स्वेडचे तळ बनवले जातात आणि ते मुलांच्या वर्गासाठी पुरेसे असतात. फक्त ते अगदी गुळगुळीत नाहीत ना, हे हात फिरवून पाहावे. रबराचा तळ मुळीच नको. गिरकीत पाऊल जागीच रुतते आणि पीळ गुडघ्याला पडतो. त्याचप्रमाणे भेटवस्तूंच्या दुकानातील चकचकीत साटिनच्या, प्लास्टिकच्या तळाच्या सपाता वाढदिवसाच्या फोटोपुरत्या ठीक, वर्गात त्या घसरतात. योग्य जोड मिळेपर्यंत अनवाणी चालेल का, असे शिक्षिकेला विचारण्यात संकोच नसावा. पुष्कळ शिक्षिका लहान मुलांना तशी परवानगी देतात.

परदेशातून येणारी आत्या किंवा काका अंदाजाने आणतात, तो जोड हा एक वेगळाच विषय आहे. प्रेमाने आणलेली वस्तू परत कशी करावयाची? त्यापेक्षा त्यांना आधीच पायाच्या आकृतीचे माप मिलिमीटरमध्ये कळवावे, कारण ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय नंबर परस्परांशी जुळत नाहीत. आणि भेट म्हणून कडक टोकाचे पॉइंट शूज तर कधीच मागवू नयेत. त्यांच्या टोकात कापड आणि कागदाचे थर खळीने घट्ट केलेले असतात आणि सर्व भार बोटांच्या अग्रांवर येतो. काही वर्षांचे नियमित शिक्षण झाल्यावर, घोटे आणि पाठ बळकट झाल्याचे शिक्षिकेने पाहिल्यावर, साधारण 11-12 वर्षांनंतर त्यांचा विचार होतो. लहान मूल हट्ट धरील. तेवढा एक हट्ट मोडावा.

पैशांचा विचार चुकीचा नाही. मऊ बूट वर्गापुरताच वापरला आणि बाहेर चालण्यास कधीही घातला नाही, तर त्याचा तळ टिकतो. रस्त्यावरची धूळ लागली की तो घसरू लागतो. कॅनव्हास हाताने धुता येतो. दर दोन-तीन महिन्यांनी माप पाहावे, आणि लहान झालेला जोड वर्गातील धाकट्या मुलाला द्यावा. पालकांनी आपसांत अशी देवघेव ठेवली, तर दोन नंबर मोठा बूट घेऊन होते त्याहून अधिक बचत होते.

पुण्यातील त्या घरात अखेर दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर नातीचे दोन्ही पाय उमटले. माप पाठवून कृत्रिम तळाचा कापडी जोड मागवण्यात आला. इलॅस्टिक शिवण्याचे काम आजींनी आपल्याकडे घेतले. बुटाची टाच आत दुमडल्यावर दोन्ही बाजूंना जिथे घडी पडते, तिथे पट्टीची टोके येतात, हे शिक्षिकेने दाखवून दिले होते. पहिल्या वेळी सुई नाडीच्या घरातून गेली आणि नाडी सरकेना. ती शिवण उसवून आजींनी पुन्हा घातली. बूट पायात चढवून नातीने स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकला, टाचा उचलल्या आणि वरून बरणी काढून देऊ का, असे आजींना विचारले.

वर्ग बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. जुना मोठा जोड शिक्षिकेने वर्गातील एका आठ वर्षांच्या मुलीच्या पायात घालून पाहिला. तो तिला नेमका बसला. चामड्याच्या तळाविषयी तिच्या आईला आजींनी आधीच सांगितले होते. त्या घरी त्याची अडचण नव्हती. जोड हाती देताना आजी एवढेच म्हणाल्या, "टोकातला कापूस काढून टाका बरं का."